तिसरी-चौथी एकत्र, पट २६ आणि पातळ्या सहा: तुम्ही नेमकं कसं शिकवता?

माळावरची बाई

नमस्कार. पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली आणि गडहिंग्लजची मी थेट बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन पडले. द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पट २६. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या, तेव्हापासून हजेरीपटावर २६ आणि वर्गात १९. सात जण आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेत. राहिलेल्यांपैकी निम्मी मुलं आजीकडे आणि दोन्ही वेळ हंगामी वसतिगृहात जेवायला.

आता वर्ग कसा आहे ते सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

चौथीतली एक मुलगी वर्तमानपत्र घडाघडा वाचते. कागदात बांधून आलेली शेव खाऊन झाली की कागदही वाचून संपवते. तिला मी काहीही दिलं तरी पाच मिनिटांत "झालं बाई". तिच्याच बाकावर तिसरीतला एक मुलगा. बाराखडी सुरात म्हणतो, न चुकता. पण मधलंच 'कु' दाखवलं तर परत 'क का कि की' करत तिथपर्यंत चालत येतो. अशी पाच-सहा आहेत. एक पोरगा आजीच्या दुकानात बसतो. शंभराची नोट दिली तर सुटे पैसे हाताच्या हाताला परत करतो, आणि तीच वजाबाकी वहीत उभी मांडून दिली की ३५ मधून १०० काढायला बसतो. एक जण फळ्यावरचं उतरवायला दर ओळीला उठून पुढे येतो आणि मागचे ओरडतात. एक मुलगी काही दिवस छान उत्तरं देते, काही दिवस मी बोलतेय हेच तिच्या गावी नसतं. कानात कायम कापसाचा बोळा.

आणि जवळजवळ सगळी घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मला त्यातलं 'याडी' म्हणजे आई, एवढ्यावरून सुरुवात करावी लागली. आपसात बोलतात तेव्हा वर्ग नुसता गजबजलेला असतो. मी प्रश्न विचारला की चिडीचूप.

डीएडला सगळं शिकलेय. प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं, शिक्षक सुलभक असतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत. पण टाचणाच्या, म्हणजे रोज काय शिकवायचं ते आधी लिहायच्या वहीत 'तिसरी मराठी' आणि 'चौथी मराठी' असे दोनच रकाने आहेत, माझ्या वर्गात सहा. सहांना सहा धडे शिकवायचे तर दिवस पुरणार नाही. एकच शिकवला तर तो कोणाचाच नसतो.

म्हणून तत्त्व नको. सोमवारी सकाळी साडेदहाला परिपाठ संपल्यावर तुम्ही काय करता, फळ्यावर काय लिहिता, कोणाला कुठे बसवता, तेवढं सांगा.

---

हजेरीपट

मॅडम, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही.

स्पष्ट बोलतो. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारे साहेब, आले की विचारणार अभ्यासक्रम कुठवर आला. संकलित चाचणीचा पेपर सगळ्यांना सारखाच येणार. माहिती भरायची लिंक रात्री आठला येते आणि उद्या दहापर्यंत हवी असते. त्यात तुम्ही कोण कुठल्या मात्रेला अडलंय हे शोधत बसलात तर तिसरीचं पुस्तक होळीपर्यंत अर्धंच होईल.

दुसरं म्हणजे गट करू नका. मी आधी होतो त्या शाळेत अ, ब, क गट केले होते. आठवड्याभरात पोरं घरी सांगायला लागली, मी 'क' मधला. एका आजीनं मला रस्त्यात गाठून विचारलं, गुरुजी, क म्हणजे कच्चा का? काय सांगणार? तेव्हापासून सगळ्यांना एकच धडा, आणि मागे राहणाऱ्यांना मधल्या सुट्टीनंतर वेगळं घेतो. जमेल तेवढं.

---

सातपुड्याचा मास्तर

बाई, तुम्ही सोमवार साडेदहा विचारलंत ते बरं केलंत. मी धडगाव भागात नोकरी काढली, सगळी बहुवर्गातच. मुलं पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. तांडा आणि पाडा वेगळे, पण तुमचा वर्ग वाचून माझाच वाटला.

आधी हजेरीपट सरांचं. अभ्यासक्रम पूर्ण करायचा हे खरंच, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्येच लिहिलंय. पण त्याच कलमात पुढच्याच ओळीत असंही आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल ते जादा शिकवायचं. साहेबांना पहिली ओळ पाठ असते. आपण दुसरी पाठ करून ठेवावी, टाचणाच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवावी. मी लिहायचो. वाद एकदाच होतो.

आता सोमवार. त्याच्या आधीचा आठवडा मात्र हवा. रोज चार-पाच मुलांना एकेक करून व्हरांड्यात घ्यायचं. प्रथम संस्थेची माणसं 'असर'च्या, म्हणजे मुलांना वाचता-मोजता येतं का हे घरोघर बघायच्या पाहणीत २००५ पासून जो कागद वापरतात, तसाच कागद मी हाताने करतो: थोडी अक्षरं, थोडे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथे सहज वाचतं तिथे खूण. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात कळतं की तुमच्या सहा पातळ्या वाचनात प्रत्यक्षात तीन-चारच आहेत. गणिताची खूण वेगळी काढायची आणि तोंडी वेगळी, लेखी वेगळी. तुमचा दुकानदार वाचनात खाली निघेल, तोंडी गणितात सगळ्यांच्या वर. हे फार कामाचं आहे, का ते खाली सांगतो.

साडेदहा. फळ्यावर एकच प्रसंग लिहायचा, सगळ्यांसाठी. समजा: आजी बाजाराला गेली. कनवटीला १०० रुपये. तेल घेतलं ३५ रुपयांचं. किती उरले?

खालच्या गटाला पुठ्ठ्याच्या नोटा द्यायच्या, दहाच्या आणि एकच्या. त्यांनी ३५ मांडून दाखवायचे, इतकंच. तीन नोटा आणि पाच सुटे. मधल्यांनी शंभरातून पस्तीस काढायचे, नोटा जवळ ठेवून आणि वहीत मांडूनही. दहाची नोट मोडल्याशिवाय पाच देता येत नाहीत, हे हाताला कळलं की मग उसने घेण्याची खूण कळते. तोवर ती नुसती शून्यावरची काट असते. वरच्यांना ३५ सांगायचेच नाहीत. त्यांना सांगायचं, तेल १४० रुपये किलो आणि आजीनं पाव किलो घेतलं, तर किती झाले? ते काढा, मग उरलेले काढा. तुमची 'झालं बाई' म्हणणारी अजून लवकर संपवेल. तिला म्हणावं, याच आजीवर दोन नवी गणितं तयार कर, एक मधल्यांना सुटेल असं आणि एक तुझ्या बाईंना सुटणार नाही असं. दुसऱ्यासाठी ती अर्धा तास हलत नाही.

शेवटची दहा मिनिटं सगळे परत एकत्र, फळ्यासमोर. हा भाग गाळायचा नाही, काहीही झालं तरी. वरच्यांनी भागून काढलेले ३५ खालच्यांनी मांडलेल्या नोटांशी जुळतात. तिघांनी वेगवेगळं केलं पण गोष्ट एकच होती. इथे दुकानदाराला विचारायचं, तू कसं केलंस रे? तो वजाबाकी करतच नाही. पस्तिसाला पाच दिले चाळीस, चाळिसाला साठ दिले शंभर, म्हणून पासष्ट. चढत जातो. हे त्याच्या शब्दांत फळ्यावर लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला त्याच्या पद्धतीने चार गणितं घालायची. मी बघितलेल्या पोरांत उभ्या मांडणीत अडणारी निम्मी तरी या चढत्या हिशेबाने सुटतात, आणि मग उभी मांडणी शिकवायला आपल्याकडे काहीतरी पकडायला असतं.

मराठीचंही तसंच. पुस्तकाचा धडा नंतर. आधी दोन-तीन पोरांना बोलू द्यायचं, काल काय झालं. आमच्याकडे एकदा आलं ते असं: "शेळी व्याली. दोन पिल्लं झाली. एक काळं, एक पांढरं. काळं दूधच पीत नाही." पोरं पावरीत सांगत होती, दुसऱ्या पोरांनी मला मराठी करून दिलं, मी फळ्यावर लिहिलं. वाचता न येणाऱ्यांनाही काय लिहिलंय ते आधीच ठाऊक असतं, म्हणून ते वाचायला धजतात. त्यांचं काम, 'काळं' कुठे कुठे आहे ते शोधा, वाक्यांच्या पट्ट्या कापून परत लावा. मात्रांत अडलेल्यांनी काळं, काळा, काळी, काळे, कोळी करत बसायचं. बाराखडीच्या गाड्यातून मधल्या स्टेशनावर उतरायला असंच शिकवावं लागतं, गाणं म्हणून ते होत नाही. आणि भराभर वाचणाऱ्यांनी लिहायचं, पिल्लू दूध का पीत नसेल आणि आता काय करावं. त्यावर आमच्याकडे जे भांडण झालं ते मधल्या सुट्टीनंतरही चालू होतं. एकाच्या आजोबांना बोलवावं लागलं.

आता गट आणि त्या आजीचा प्रश्न. अ-ब-क केलं की क म्हणजे कच्चाच होणार, त्यात आजी बरोबर होती. माझे नियम दोन. पातळीप्रमाणे बसणं दिवसातून एक तास, बाकी दिवस सगळे मिसळून. आणि वाचनाचा गट वेगळा, गणिताचा वेगळा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी व्हरांड्यात परत बघून जागा बदलायची. तुमचा दुकानदार एका तासाला खाली आणि दुसऱ्याला वर बसला की पोरांना आपोआप समजतं की जागा कामाची आहे, माणसाची नाही. गटाला नाव देऊ नका. "नोटावाले इकडे या" एवढं पुरतं.

तुमचे मुख्याध्यापक तयार असतील तर तो एक तास चारही वर्गांचा एकत्र करा. तिसरीतली अक्षरं अडणारी मुलं त्यांच्याकडे, दुसरीतली वाचणारी तुमच्याकडे. दोन शिक्षक असले की एवढी चैन करता येते.

काम लांबलं की कंटाळा आला असं समजू नका, सुरुवातीचे पंधरा दिवस नुसता गोंधळ होतो. एका गटाला शिकवताना उरलेल्यांनी काय करायचं याची सवय लागायला वेळ लागतो. तेवढे दिवस साहेब येऊ नयेत अशी प्रार्थना करायची.

---

फिरती शिक्षिका

मी समावेशित शिक्षणाची, म्हणजे नेहमीच्या शाळेतल्या दिव्यांग मुलांसाठीची विशेष शिक्षिका आहे. एका गट साधन केंद्रातून शाळा फिरते. मास्तरांनी शिकवण्याचं सांगितलंय, मी फक्त दोन मुलांबद्दल लिहिते.

ताई, दर ओळीला उठून येणारा मुलगा खोडकर नाही, त्याला बहुतेक दिसत नाहीये. आणि कानात बोळा असणारी मुलगी 'लक्ष नसलेली' नाही. कान वाहतो तेव्हा ऐकू कमी येतं, सुकला की बरं येतं. म्हणून काही दिवस छान आणि काही दिवस नाही. हे मी न बघता लिहितेय, तेव्हा निदान समजू नका, पण या दोघांना गट वगैरे करायच्या आधी तपासायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. तुमच्याकडे येऊन गेलं असेल तर नोंद बघा, नसेल तर ग्रामीण रुग्णालयात विचारून तारीख घ्या. कानाचं तर थांबूच नका, आजीला सांगा की तेल घालणं बंद आणि डॉक्टरांना दाखवणं चालू.

तोवर वर्गात काय? मुलाला पहिल्या रांगेत मधोमध बसवा, खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो तिथे नाही. फळा काळा करून घ्या, राखाडी फळ्यावर चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही. लिहिताना तोंडाने वाचत लिहा. त्याला शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू द्या, ती कॉपी नाही. मुलीला चांगला कान तुमच्याकडे राहील असं बसवा आणि फळ्याकडे तोंड करून सूचना देऊ नका. ही सवय आपल्या सगळ्यांना असते. पोषण आहाराच्या वेळी गलक्यात सांगितलेलं तिला काही कळणार नाही, ते आधी वर्गात सांगा.

बाराखडीवाल्या मुलांबद्दल एक विनंती. 'अध्ययन अक्षमता' हा शब्द इतक्यात नको. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत ती आहे आणि खरी असेल तर पुढे सवलती मिळतात, मिळायलाच हव्यात. पण घरची भाषा वेगळी, दरवर्षी चार-पाच महिने शाळा बुडालेली, अशा मुलाला वाचता येत नाही यात नवल काय? आधी नीट शिकवून बघायचं. आठ-दहा आठवडे मास्तर म्हणतात तसं करूनही एखादं जागेवरच राहिलं, तोंडी मात्र चलाख असलं, तर मला किंवा तुमच्या तालुक्याच्या विशेष शिक्षकांना बोलवा. आणि तोवर त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका, कृपया.

---

तांड्यावरचा

मी शिक्षक नाही. परळीकडच्या तांड्यावर वाढलो, आता पुण्यात नोकरी. आईबापाचा एक कोयता होता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची एक जोडी, मी तिसरीपर्यंत त्यांच्याबरोबर फडावर जायचो. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायचो आणि बहिणीला सांभाळायचो. मग आजीकडे राहिलो.

बाई, तुमचं वाचून बरं वाटलं, पण दोन गोष्टी मनात ठेवा.

एक. गोरमाटी वर्गात बोलू द्या, नक्की द्या. पण कोणाला उभं करून "बोल बरं तुझ्या भाषेत, कसं छान वाटतं" असं करू नका. मला एका पाहुण्यांसमोर असं उभं केलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. मास्तर म्हणतात तसं कामात येऊ द्या. एकानं गोरमाटीत सांगितलं, दुसऱ्यानं मराठीत केलं, पुढे चला. तुम्ही स्वतः चुकत-माकत बोललात तर पोरं हसतील. हसू द्या, मग ती बोलतील.

दुसरं. ओळखीच्या गोष्टींतून शिकवा म्हणतात म्हणून प्रत्येक गणितात ऊस, मोळी, टन, उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे) घालू नका. एखाद दुसरं ठीक. दिवसभर तेच बघून आलेल्या पोराला वहीतही तेच? मला त्या वयात विमान हवं होतं. विमानात किती माणसं बसतात, ते मुंबईहून दिल्लीला किती वेळात जातं. एका गुरुजींनी कुठून तरी रेल्वेचं वेळापत्रक आणून भिंतीला लावलं होतं, त्यावरून मी वेळेची गणितं शिकलो. परळी वैजनाथ स्टेशन सोडून तेव्हा काही पाहिलं नव्हतं.

---

सातपुड्याचा मास्तर

तांड्यावरचे भाऊ, विमानाचं पटलं. उद्यापासून आजीला विमानतळावर पाठवतो.

पोरांप्रमाणे शाळा बदलण्यावरून एक जोडतो. हे काही आजचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढलं आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर काम नेलं. तिथे वारली पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत यायची नाहीत. यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा म्हणतात ती. पोरांना वेळापत्रकात बसवण्याऐवजी वेळापत्रक पोरांमागे फिरवलं. आपल्याला तेवढं जमत नसेल तर निदान एक तास तरी फिरवावा.

---

माळावरची बाई

सगळ्यांचे आभार. फिरती शिक्षिका ताई, आज मुलाला पुढे मधोमध बसवलं. दिवसभरात तो एकदाही उठला नाही, मागच्यांना चैन पडेना. मुलीच्या आजीशी बोलले. तेल चालूच होतं, लसूण घालून. मंगळवारी त्या तालुक्याला नेतायत.

मुख्याध्यापक सर एका तासाला तयार झाले. "दुसरीतली वाचणारी तुमच्याकडे दिली तर माझ्याकडे कोण राहणार" असं म्हणून जरा रुसले, पण तयार झाले.

आता फडावर गेलेल्या सातांचं विचारते. ती पाडव्याच्या आसपास येतील आणि एप्रिलमध्ये वार्षिक. तेव्हा त्यांना कुठे बसवू?

---

सातपुड्याचा मास्तर

जाताना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचा कागद, दिलं होतं का, ते आधी बघा. दिलं नसेल तर पालकांच्या फोनवर आताही पाठवता येईल. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर तांड्यात कोणाकडेही मिळतो, त्यावरून ते कुठल्या कारखान्याला आहेत हे कळेल आणि जवळच्या शाळेला फोन करता येईल. होईलच असं नाही, पण दोन-तीन मुलं तरी बसतात शाळेत. संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर फोन लागतो, तेव्हा वर्गातल्या पोरांनाच बोलू द्या. आपण बोललो की पलीकडे "हां बाई, हां बाई" एवढंच येतं.

परत आल्यावर पहिल्या धड्यापासून सुरू करायचं नाही. पुन्हा व्हरांड्यात पाच मिनिटं आणि जिथे खूण पडेल त्या गटात. काही विसरलेली असतील, पण हिशेबात पुढे गेलेली असतील, त्यांना तोंडी गणितात वर बसवा म्हणजे पहिल्या दिवशीच मान राहतो. वार्षिकची चिंता सोडा, तिथे प्रश्न वाचून दाखवता येतात का ते मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा.

---

हजेरीपट

मी गटांच्या विरोधात होतो, अजूनही अर्धा आहे. पण तासाभराचं आणि वेगवेगळ्या विषयाला वेगळी जागा, हे करून बघतो.

मॅडम, टाचणाचं मात्र माझं ऐका. तिसरी-चौथीचे दोन रकाने खोडून तीन करा: प्रसंग काय, कोण काय करणार, कोणाचं राहिलं. तिसरा रकाना दुपारी तीनला भरायचा, सकाळी नाही. वर कलम २४ लिहा, मास्तर म्हणतात तसं. आमच्या केंद्रप्रमुखांनी असल्या टाचणावर सही केलीय. "हे कोणत्या पत्रानुसार" असं दोनदा विचारलं, पण केली. पानाचा फोटो संध्याकाळी इथे टाकतो, अक्षराला हसू नका.